पाव्हणा चक्कू

चाकू परत आला तेव्हा दादांनी तो उघडून पाहिला नाही. पोत्यावरून मिटलेला चाकू उचलला, बंडीच्या खिशात टाकला आणि पावसापाण्याचं बोलू लागले. तसा रिवाजच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात विहिरीच्या कडेला बसून वाळूक कापायला म्हणून त्यांनी तो पहिल्यांदा उघडला. देठ कापलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. पातं उलटसुलट करून पाहिलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच माझे वडील म्हणाले,

“ह्यो आपला न्हाय.”

मी तेव्हा गुलबर्ग्याहून घरी आलेलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दिवाळीच्या सुट्टीला आलो तो दादांनी परत जाऊ दिलं नव्हतं. हैदराबादचं राज्य वेगळं राहणार की हिंदुस्थानात जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावर मोठ्यानं कुणी बोलतही नव्हतं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पिशव्या उलट्या करून पाहत. बाजारात एखादा माणूस काहीच न घेता दोन वेळा समोरून गेला, की बोलणारे गप्प होत. मी विजार घालत होतो आणि उर्दू वाचत होतो, त्यामुळे गावातली काही माणसं माझ्यासमोरही जपून बोलत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मीही इतरांसमोर जपूनच बोलत होतो.

चाकूचं प्रकरण कळायला आधी ती बैठक सांगायला हवी.

मुरुमच्या बैलबाजाराच्या मागच्या अंगाला लिंबाचं एक झाड होतं. त्याखाली एक नालबंद बसायचे. घोड्यांना नाल ठोकायचे आणि बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. दुपार कलली, जनावरांची गर्दी ओसरली की तिथं चौघं जमत. उस्ताद, आमचे दादा, किराणा दुकान चालवणारे लिंगायत आप्पा आणि मेंढरं राखणारे धनगर मामा. जात वेगळी, धंदा वेगळा, घरी बोलायची भाषाही वेगळी. आप्पा घरी कानडी बोलत, उस्ताद दखनी. पण चौघांनाही खिशातल्या चाकूचा नाद होता.

कुणाला कबुतरांचा नाद असतो, कुणाला बैलाच्या झुलींचा, तसा हा. आल्या आल्या पोतं अंथरायचं, त्यावर चौघांनी आपापला चाकू ठेवायचा आणि मग कुणाचाही कुणी उचलून पाहायचा. हातातून हातात मात्र द्यायचा नाही. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं, म्हणून खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. आप्पांच्या चाकूला पितळी मूठ होती. तिला ते चिंच लावून चकचकीत ठेवत आणि त्या चाकूनं सुपारी व पोत्याची सुतळी सोडून काही कापत नसत. मामांचा चाकू बाभळीच्या मुठीचा, पातं रुंद. धार दाखवायची म्हणजे ते स्वतःच्या डाव्या मनगटावरचे केस भादरत. त्या मनगटावर केस उगवलेले मी कधी पाहिले नाहीत. उस्तादांच्या चाकूचं पातं त्यांनी स्वतः जुन्या कानशीच्या पोलादातून घडवलेलं, आणि मूठ शिसवी. तो दिसायला अगदी साधा होता, पण हातात घेतला की ठेवावासा वाटत नसे. दादांचा चाकू म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. तंबाखू, कासरा, ऊस, वाळूक, आमच्या लहानपणी कुणाच्या पायातला काटा, सगळं त्यानंच. मी माझ्या पहिल्या पेन्सिलीला टोक त्यानंच केलं होतं.

आप्पा एकदा तो चाकू उचलून म्हणाले होते, “ह्याला बघितलं की तुमची आठवण येत्ये बघा. वाकडा, काळा, पण कामाचा.”

दादा म्हणाले, “आन् तुमच्याला बघितलं की तुमची. चकाकतोय, पण सुपारीपल्याड जात न्हाय.”

ह्या बैठकीचा एक रिवाज होता. वर्षातून काही वेळा ते आपसात चाकू बदलत. तुमचा माझ्या खिशात, माझा तुमच्या. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत. त्याला ते ‘पाव्हणा चक्कू’ म्हणत. पाव्हण्याला रोजचं काम द्यायचं, नुसता ठेवायचा नाही. आणि परत करताना आला त्यापेक्षा चांगली धार लावून द्यायचा, कारण पाव्हण्याला उपाशी धाडत नाहीत. आपला चाकू परत मिळाला की मात्र तिथं उघडून पाहायचा नाही. मी एकदा का म्हणून विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, “आरं, लेक सासरास्नं जेवून आली तर तू तिचं तोंड हुंगून बघतूस व्हय, खरंच जेवली का म्हणून?”

तर ह्या वेळी दादांचा चाकू उस्तादांकडे पाव्हणा गेला होता, आणि परत आला होता.

विहिरीवर दादांनी तो माझ्या हातात न देता दगडावर ठेवला. “तू बघ. तुझे डोळे तरणे हैत. आपलाच हाय का?”

मी उचलला. मूठ तीच दिसत होती. शिंगावरचा पिवळसर पट्टाही होता. पण पातं वेगळं होतं. पहिलं पातं मुठीजवळ थोडं आत गेलेलं होतं, जसा ओढ्याचा काठ पाण्यानं खाल्लेला असतो. तिथं बोट बरोबर बसायचं. आता तो खड्डा नव्हता. धार मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेलेली. पात्यावर मधोमध एक काळा डाग होता, तोही नव्हता. पातं किंचित अरुंद वाटत होतं.

“तसाच वाटतो,” मी म्हणालो.

“वाटतो म्हंजी?”

“म्हणजे मूठ आपलीच आहे, दादा. पातं... मला नक्की सांगता येत नाही.”

खरोखरच सांगता येत नव्हतं. पण दादांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. शिकलेल्या पोरालाही ‘आपलाच’ म्हणवत नाही, म्हणजे तो नाहीच. त्यांनी चाकू मिटला. कापलेलं वाळूक तसंच राहिलं.

त्या दिवसापासून तो चाकू आमच्या घरात परक्यासारखा राहू लागला. दादा तो खिशात ठेवत, पण दोरी कापायला विळा घेत. मध्येच काढून उन्हात धरत. मिटताना कान जवळ नेत. “खट् नीट येत न्हाय,” म्हणत. मला आवाज पहिल्यासारखाच वाटे, पण पहिल्यासारखा म्हणजे नेमका कसा, हे आठवू गेलं की काहीच आठवत नसे. आई म्हणाली, “कापतोय न्हवं? मग कापा की.” दादा म्हणाले, “कापण्याचं न्हाय ते.”

मग कशाचं, ते त्यांनी हळूहळू मांडलं. दादांचं जुनं पातं नळदुर्गच्या एका लोहारानं घडवलेलं होतं, आणि तसं पाणी दिलेलं पातं आता मिळत नाही असं चौघांचंही मत होतं. उस्तादांनी त्या पात्याची मागं अनेकदा तारीफ केली होती. तारीफ करणाऱ्याच्या हातात वस्तू दिली. त्याच्याकडे ऐरण आहे, कानस आहे, खिळे आहेत. जुनं पातं काढून घ्यायला आणि त्याच मुठीत दुसरं बसवायला त्याला असा कितीसा वेळ लागणार?

आमच्या शेजारच्यांनी हे ऐकलं तेव्हा ते चाकूवर थांबले नाहीत. “दिवस कसले हैत ते बघा,” ते म्हणाले. “आज पातं बदललं, उद्या काय बदलंल?” उस्ताद मुसलमान आहेत, हे कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. उस्तादांच्या जागी आप्पा किंवा मामा असते तर दादांना ही शंका आली असती का, हे मी दादांना कधी विचारलेलं नाही. विचारायला हवं असं वाटतं, पण धीर होत नाही.

पुढचा बाजार यायच्या आधी दादांनी मला मुरुमला पाठवलं. एका बैलाची पत्री ढिली झाली होती, हे निमित्त. “कामावर बस. बघ काय बोलतो ते,” दादा म्हणाले.

लिंबाखाली उस्ताद एकटेच होते. त्यांनी बैल आडवा पाडला, पाय बांधले, खूर तासायला घेतला. मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीकडे बघत होतो. तिच्यात एखादं काळा डाग असलेलं पातं दिसेल असं मला वाटत होतं. पिशवीत खिळे होते, सांडशी होती, एक अर्धी भाकरी होती.

“चक्कू कैसा है?” त्यांनी एकदम विचारलं.

मी दचकलो. “चांगला आहे, चाचा.”

“दादा काय बोलले?”

“काही नाही.”

“काहीच नाय बोलले?” त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खुराकडे वळले. पत्री ठोकून झाल्यावर, बैलाचे पाय सोडताना, परत म्हणाले, “वापरतात ना?”

“हो.”

“अच्छा.” आणि ते हसले.

घरी येऊन मी दादांना जसंच्या तसं सांगितलं. विचारलं तसं, हसले तसं. दादा म्हणाले, “पाव्हणा परत दिल्यावर कधी कुणी इचारलंय व्हय, कसा हाय म्हणून? ज्याला भ्या असतं त्योच इचारतो.” मलाही ते पटलं. त्या हसण्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

पुढच्या बाजारी बैठक बसली. पोतं अंथरलं गेलं. आप्पांनी पितळी चाकू ठेवला, मामांनी बाभळीचा, उस्तादांनी शिसवी. दादांनी आपला उघडून ठेवला. उघडा चाकू पोत्यावर कुणी ठेवत नसे. तिघंही बघत राहिले.

“उस्ताद,” दादा म्हणाले, “ह्यो माझा न्हाय.”

मामा म्हणाले, “चेष्टा करतूस काय लेका?”

“चेष्टा न्हाय. पातं माझं न्हाय. खड्डा कुठाय? डाग कुठाय?”

उस्तादांचा चेहरा आधी उजळल्यासारखा झाला. “वही तो!” ते म्हणाले. “खड्डा मीच काढला. पुरी धार बिघडलेली होती, भाई. मुठीकडे पोट आत गेलेलं. दगडावर रोज थोडं थोडं घासत सीधी लाइन आणली. डाग बी घासला. लई मेहनत लागली. मी म्हटलं, दादा बघतील तर...”

“घासून पातं एवढं बदलतं व्हय?”

“बदलतं जी. क्यों नहीं बदलेगा?”

“मग अरुंद का झालं?”

“घासलं तर अरुंदच होनार ना!”

उस्ताद जे जे सांगत होते ते खरं असू शकत होतं. पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर तयार आहे, हेच दादांना खटकत होतं. मी दादांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. उत्तरागणिक तो जास्तच बंद होत गेला.

आप्पांनी चाकू उचलला, नाकाजवळ नेला, दूर धरला. “हौद री,” ते मान डोलवत म्हणाले, “हाय म्हटलं तर हाय.”

“आन् न्हाय म्हटलं तर?” मामांनी विचारलं.

“न्हाय म्हटलं तर न्हाय बी.”

“आप्पा, तुमी दुकानात बी असंच तोलता का?”

मग मामांनी तो उचलला, मनगटावर ठेवला, आणि तिथं भादरायला काही नव्हतं म्हणून पायाच्या नडगीवर ओढला. “धार उस्तादची हाय,” ते म्हणाले. “पातं कुणाचं ते पातंच जाणं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ये कालेजवाल्या, तू सांग. एवढं शिकतूयास.”

“मला नाही सांगता येत, मामा.”

“मग तिथं काय शिकवत्यात तरी?”

कुणी हसलं नाही. आप्पांनी आपला पितळी चाकू पोत्यावरून उचलला आणि कधी नव्हे तो निरखून पाहू लागले. मागच्या वर्षी तो मामांकडे पाव्हणा गेला होता. मुठीच्या खिळ्यावर त्यांनी नख फिरवलं. “ह्यो खिळा हितं पयल्यापास्नं असाच हुता का, मामा?”

“म्हंजी?” मामा उसळले. “म्या तुमचा खिळा खाल्ला?”

“तसं न्हाय म्हणत मी. नुसतं इचारतोय.”

“दादानं बी नुसतंच इचारलंय की आत्ता!” असं म्हणत मामांनीही स्वतःचा चाकू उचलला आणि उघडून उजेडाकडे धरला. चौघांचे चाकू इतकी वर्षं ह्याच्याकडून त्याच्याकडे गेले होते. आता कुठला कुणाचा, ह्याची खात्री एकालाही देता येत नव्हती. मला त्या वेळी वाटलं, ह्यांना शंका चाकूची आलेली नाही. शंका बाजारात आधीपासून फिरत होती, तिला आज फक्त बसायला जागा मिळाली.

उस्ताद उठले. आपला शिसवी मुठीचा चाकू त्यांनी दादांच्या पुढ्यात ठेवला आणि दादांचा स्वतःकडे ओढला.

“मेरा तुम रखो,” ते म्हणाले. “हा माझ्याकडे राहू दे. ज्या दिवशी ओळख पटेल त्या दिवशी न्यायला या. नाही पटली तर माझा तुमचाच.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दादांना सोपं गेलं असतं. दादांनी तो चाकू उचलला. नको म्हटलं असतं तर आपली शंका खोटी ठरली असती.

पुढच्या आठवड्यांत ही गोष्ट दादांच्या हातात राहिली नाही. पाणवठ्यावर, पारावर, ती वाढत गेली. कुणी म्हणे नालबंद चांगली पाती काढून घेतो. कुणी म्हणे नुसती पाती नाही, जमवतोय. कशासाठी जमवतोय ते सांगत नसत, आवाज खाली आणत. आमच्या गावातले शेतकरी बैलांना पत्र्या मारायला नळदुर्गला नेऊ लागले. इतक्या लांब बैल चालवत न्यायचा म्हणजे पत्री मारायच्या आधीच खूर झिजायचा, पण नेत. मी बाजारात गेलो तेव्हा लिंबाखाली उस्ताद रिकामे बसलेले दिसले. त्यांच्या समोरून दोन बैलजोड्या गेल्या. पहिल्या जोडीला त्यांनी मान वर केली, दुसरीला नाही केली. एक पोलीस जवान त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत काठी घालून ढवळत होता. त्याला कुणी काय सांगितलं होतं, मला माहीत नाही.

मी दादांना हे सांगितलं. ते म्हणाले, “म्या काय सांगितलं हुतं गावाला? म्या चौघांत बोललो.”

उस्तादांचा चाकू त्यांनी आधी कोनाड्यात ठेवून दिला होता. पण ज्याला खिशात चाकू असण्याची सवय आहे त्याला रिकाम्या खिशानं रानात जाता येत नाही. हुरड्याच्या दिवसांत त्यांनी तो काढला. काढला आणि मग ठेववेना. कणसाची मान अशी कापली जायची की दाणे हलत नसत. दादांना राग यायचा, पण वापरत.

आणि रोज सकाळी धार लावत. ही त्यांची जुनी सवय. गोठ्याच्या दारात काळा दगड रोवलेला होता. त्यावर पाणी शिंपडायचं, पातं टेकवायचं, मुठीकडे जोर देऊन पुढं ढकलायचं, मग सोडून द्यायचं. कानशीचं पोलाद कडक, पण दादांचा हातही तसाच. मी लहानपणापासून हा आवाज ऐकत आलो होतो, त्यामुळे कधी नीट पाहिलं नव्हतं.

होळीच्या आसपासची गोष्ट. मी गोठ्यातलं शेण भरत होतो आणि दादांचं धार लावणं चाललं होतं. ते थांबले. बराच वेळ पुन्हा आवाज आला नाही म्हणून मी बाहेर पाहिलं. दादांनी पातं आडवं करून डोळ्यासमोर उन्हात धरलं होतं. मग बोट मुठीजवळ धारेवर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

मी जवळ गेलो. उस्तादांचं सरळ पातं मुठीजवळ आत गेलेलं होतं, ओढ्याचा काठ खाल्ल्यासारखं. दादांचं बोट तिथं बरोबर बसत होतं.

दादांनी दगडाकडे पाहिलं. दगडही मधोमध खोलगट झालेला होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे असं बघत राहिलो, जणू तो आज कुणी नवा आणून रोवला आहे.

“त्यो खड्डा पात्याचा नव्हता,” दादा म्हणाले. दगडाच्या खोलगट भागावरून त्यांनी हात फिरवला. मग म्हणाले, “आन् आता त्याचा बी बिघडवला म्या.”

मी म्हणालो, “दादा, दुसऱ्या चांगल्या दगडावर घासून सरळ करता येईल. मग परत देऊ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मी त्यांना वाट काढून दिली. “झाकून दिऊ म्हणतूस,” ते म्हणाले. “त्यानं माझा सरळ केला आन् तसं सांगितलं बी, तरी म्या त्याला चोर केलं. आता म्या सरळ करून न सांगता दिऊ?”

बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. दादांनी बैलजोडी बरोबर घेतली. पत्र्या मारायच्या होत्याच, पण त्या मारायच्या नसत्या तरी त्यांनी घेतली असती असं मला वाटतं. वाटेत एक ओळखीचे शेतकरी भेटले. “नळदुर्गला?” त्यांनी विचारलं. “मुरुमला,” दादा म्हणाले. ते आमच्या बैलांकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले. दादा मधल्या गल्लीनं न जाता भर बाजारातून, आप्पांच्या दुकानावरून गेले. “आप्पा, चला लिंबाखाली,” त्यांनी हाक मारली. आप्पा तराजू सोडून उठले. मामांना माळावरून बोलवावं लागलं.

त्या दिवसानंतर बैठक बसली नव्हती. उस्तादांनी पोतं अंथरलं नाही. दादांनी स्वतःच्या खांद्यावरचं पटकूर काढून अंथरलं आणि त्यावर शिसवी मुठीचा चाकू उघडून ठेवला.

“उस्ताद, ह्यो तुमचा. मुठीजवळ बघा. म्या खाल्ला.”

उस्ताद वाकले. उचलला. ते पाहू लागले, आणि इतका वेळ पाहत राहिले की बैलही अस्वस्थ झाले. एक बाजू, दुसरी बाजू, पाठ, खिळा, मुठीतली खाच. स्वतःच्या हातानं घडवलेला चाकू, त्याला इतकं पाहायला काय लागतं? मला मग कळलं की ते फक्त खड्डा पाहत नव्हते. तो आपलाच आहे का, हे पाहत होते.

दादांनाही ते कळलं असावं. ते तसेच उभे राहिले.

“माझा आहे,” उस्ताद शेवटी म्हणाले.

“माझ्या हाताची खोड हाय ती,” दादा म्हणाले. “तुमी खरं बोलला हुता. म्या ऐकलं न्हाय.”

उस्तादांनी पिशवीच्या तळातून एका फडक्यात गुंडाळलेला दादांचा चाकू काढला आणि पटकुरावर ठेवला. दादांनी उचलला आणि मिटलेलाच खिशात टाकायला नेला.

“नक्को,” उस्ताद म्हणाले.

दादांचा हात थांबला.

“असा नाही न्यायचा. उघडा.”

“कशाला, उस्ताद? आपल्यात...”

“आपल्यात होतं ते होतं. आता देखके लो. उघडा. सगळं बघा. पोट, खिळा, मूठ.”

मामा म्हणाले, “जाऊ द्या की आता, उस्ताद.”

“तुम्ही थांबा, मामा. तुमच्या पिशवीत कुणी काठी नाही घातली.”

दादांनी चाकू उघडला. पातं पाहिलं, उलटं करून पाहिलं, मुठीवर बोट फिरवलं. आजूबाजूला बैल धरून उभे असलेले दोघं-चौघं जवळ सरकले होते. त्यांत आमच्या गावचाही एक होता.

“कुणाचा?” उस्तादांनी विचारलं.

“माझा हाय.”

“तुम्ही न्हाय म्हटलं होतं, ते गुलबर्ग्यापर्यंत ऐकू गेलं, दादा. आत्ता म्हटलं ते माझ्यापर्यंतच आलं.”

दादांनी मान वर केली. झाडाखालच्या माणसांकडे, मग पलीकडे रस्त्याकडे पाहिलं, जिथून बैलजोड्या जात होत्या. माझे वडील कधी मोठ्यानं बोलणारे नव्हते. बैलालाही ते हळूच हाकत. त्यांनी चाकू उघडाच वर धरला.

“माझा हाय!” ते ओरडले. “माझाच हाय! पयल्यापास्नं माझाच हुता! उस्तादनं काय बी घेतलं न्हाय!”

रस्त्यावरचा एक गाडीवान बैल आवरून थांबला. पुन्हा काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. दादांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी आमच्या बैलाचा कासरा उस्तादांच्या हातात दिला, आणि उस्तादांनी थोडा वेळ काहीच न करता तो नुसता धरून ठेवला.